न संपलेला सप्टेंबर

या आठवड्याच्या टपालात एक दोन पानी पत्र आलं. वहीतून फाडलेला कागद, निळी शाई, आणि खाली नावाच्या जागी नुसतं 'इयत्ता नववी'. नाव का दिलं नाही, ते पत्र वाचल्यावर कळलं. चार दिवस झाले, ते पत्र माझ्या टेबलावरच पडून आहे. पुन्हा पाकिटात घालवत नाही.

आपल्या या मैत्रिणीला आकाशाचं वेड आहे. मागच्या वर्षी आईच्या फोनवरून ती आकाशदर्शनाच्या एका ग्रुपमध्ये गेली. अडीचशे माणसं. कुणाकडे मोठी दुर्बीण, कुणाकडे नुसतीच गच्ची. (फोन आईचा आणि आईही ग्रुपमध्ये, हे मला फार आवडलं. पालकांनो, ऐकताय ना?) पहिल्याच आठवड्यात तिनं एक फोटो टाकला. संध्याकाळी सातची वेळ, पश्चिमेकडचं आकाश, आणि त्यात एक टपोरा पांढरा ठिपका. खाली विचारलं, "हा कोणता तारा?"

झालं! हसऱ्या तोंडांची रांगच लागली. कुणी लिहिलं, "या महिन्यात चौथ्यांदा!" कुणी म्हणालं, "आधी शोधायला शिका, मग विचारायला या." बिचारी रडवेली झाली. फोन आईला देऊन टाकला. पण रात्री साडेनऊला त्याच ग्रुपमधल्या एका काकांनी तिला सावकाश समजावून सांगितलं, की तो तारा नाही, शुक्र आहे. तो सूर्याजवळ फिरतो, म्हणून मावळतीनंतर पश्चिमेला दिसतो, नाहीतर पहाटे पूर्वेला. "उद्या परत बघ, आणि किती वाजता मावळतो ते टिपून ठेव," असंही सांगितलं. तिनं ते टिपलं. महिनाभर टिपलं! आज तिला चाळीसेक ताऱ्यांची नावं तोंडपाठ आहेत आणि ग्रुपमध्ये तिला मान आहे.

आता पत्राचा दुसरा भाग ऐका. तिच्याच शब्दांत देते.

"मावशी, परवा एका सहावीतल्या मुलानं फोटो टाकला. रात्री अकरा वाजता गच्चीवर झोपलो असताना बरोबर डोक्यावर एक मोठा तारा दिसला, लुकलुकत नव्हता, तो कोणता, असं विचारलं. मी लगेच लिहिलं, शुक्र. शंभरदा सांगून झालंय, आधी सर्च कर. सात जणांनी माझ्या उत्तराला अंगठा दिला. मला खूप बरं वाटलं. मग रात्री झोपच येईना. तो मुलगा त्यानंतर एकदाही बोललेला नाही. मी अशी कशी झाले? जुने झाले की सगळेच असे होतात का?"

प्रश्न साधा नाही हं. यावर मोठमोठ्या माणसांनी डोकं चालवलंय, आणि मोठमोठे समूह याच प्रश्नावर आपटलेत. त्यातल्या दोघांची हकिगत आज सांगते. मैत्रिणीचं उत्तर मग बघू.

पहिली हकिगत सुरू होते १९७९ साली, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे ड्यूक विद्यापीठातले दोन विद्यार्थी. त्यांच्या डोक्यात आलं, की आपला संगणक आणि शेजारच्या गावातल्या विद्यापीठाचा संगणक यांनी एकमेकांना निरोप धाडले तर? म्हणजे एखाद्यानं इथे प्रश्न लिहायचा आणि तिथल्यानं उत्तर द्यायचं. आज तुम्हाला यात काय विशेष असं वाटेल. पण तेव्हा तुमच्या-आमच्यासाठी इंटरनेट नव्हतं. एक संगणक टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्याला चक्क फोन लावायचा, साठलेले निरोप द्यायचा, तिकडचे घ्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा. हे काम बहुतेक रात्री चाले, कारण रात्री फोनचे दर कमी. (आईबाबांना विचारा, रात्री पाव दरानं फोन करायला एसटीडी बूथपुढे कशी रांग लागायची ते!)

१९८० साली सुरू झालेल्या या जाळ्याचं नाव यूजनेट. बघता बघता ते जगभरच्या विद्यापीठांत पसरलं. त्यात विषयवार गट होते. खगोलशास्त्राचा वेगळा, मांजरं पाळणाऱ्यांचा वेगळा, पाककृतींचा वेगळा. परदेशात शिकायला गेलेल्या मराठी मंडळींचाही एक गट पुढे निघाला. सगळ्या गटांचा मिळून कुणी मालक नव्हता, मुख्याध्यापक नव्हता, शिपाईसुद्धा नव्हता. तरी वर्षानुवर्षं कारभार बरा चालला. कसा?

इथेच खरी गंमत आहे.

आपल्याकडे जूनमध्ये शाळा भरते ना, तशी अमेरिकेतली विद्यापीठं सप्टेंबरच्या सुमाराला भरतात. नवे विद्यार्थी यायचे, त्यांना संगणकाचं खातं मिळायचं, आणि ते धाडकन यूजनेटवर येऊन पडायचे. मग काय! तेच ते प्रश्न. सगळी अक्षरं मोठ्या लिपीत, म्हणजे जणू ओरडून बोलणं. 'चालतंय का बघतोय' असले निरोप हजारो लोकांना. जुनी मंडळी सप्टेंबर आला की कपाळाला हात लावायची. पण पळून जायची नाहीत. 'बाबा रे, हे असं लिही, हे तसं नको' असं सांगायची. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहून ठेवण्याची पद्धत इथेच रुजली. तुम्ही कुठे कुठे 'एफएक्यू' ही अक्षरं बघता ना, ती या गटांमुळेच जगभर झाली. काही जण तर ही यादी दर महिन्याला स्वतःहून पुन्हा टाकायचे, कुणी न सांगता, एक पैसा न घेता. चारसहा आठवडे गेले की नवे विद्यार्थी रुळायचे. त्यातलाच एखादा पुढच्या सप्टेंबरात नव्यांना शिकवायला उभा राहायचा.

तुमच्या शाळेतल्या पहिलीच्या मुलांकडे बघा. जूनमध्ये रडारड, कुणी चुकीच्या वर्गात बसलंय, कुणाचा डबा हरवलाय. गणपतीपर्यंत तीच मुलं पाण्याच्या नळापाशी मोठ्यांना ढकलत असतात! एक वर्ग नवा आणि नऊ वर्ग जुने, म्हणून हे जमतं. समजा, एखाद्या वर्षी शाळेत फक्त पहिलीच भरली, आणि तीसुद्धा रोज नव्यानं भरत राहिली तर?

यूजनेटचं नेमकं तेच झालं. १९९३-९४ च्या सुमाराला घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. त्यातली एक मोठी म्हणजे अमेरिका ऑनलाइन. ही कंपनी लोकांच्या घरी टपालानं फुकट फ्लॉपी पाठवायची, की लावा आणि व्हा सुरू. तिनं आपल्या लाखो ग्राहकांना यूजनेटचं दार उघडून दिलं. आता नवे लोक वर्षातून एकदा नव्हे, रोज येऊ लागले. शिकवणारे होते तेवढेच. जानेवारी १९९४ मध्ये एका जुन्या सदस्यानं वैतागून लिहिलं, की सप्टेंबर १९९३ हा कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणून ओळखला जाईल. ते नाव इतकं चिकटलं, की आजही त्या काळाला 'न संपलेला सप्टेंबर' म्हणतात.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर मला त्या नव्या लोकांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांनी काय गुन्हा केला होता? घरात एक नवं यंत्र आलं, त्यातून जगाशी बोलता येतं असं कळलं, ते बोलायला आले. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं, की इथे आधी चपला काढतात. ज्या कंपनीनं पाठवलं तिनं सांगायला हवं होतं. जुन्यांचीही दया येते. तुम्हीच बघा, एका गटात दोनशे जुने आणि महिन्याला पाच नवे असतील, तर पाचांना हाताशी धरणं कुणालाही जड नाही. महिन्याला पाचशे आले तर? कितीही प्रेमळ माणूस असो, तीनशेव्या दिवशी त्याच्या तोंडून 'आधी यादी वाचा' हेच बाहेर पडणार, आणि तेही दात-ओठ खाऊन.

मग आणखी एक झालं. गर्दी आहे म्हटल्यावर फेरीवाले आले. एप्रिल १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका वकील दांपत्यानं आपल्या धंद्याची जाहिरात एकदम पाच हजारांहून अधिक गटांत टाकली. मांजरांच्या गटात जाहिरात, पाककृतींच्या गटात तीच जाहिरात! लोक भडकले, त्यांच्याकडे निषेधाच्या निरोपांचा पाऊस पडला. पण त्यांनी माफी मागितली नाही. उलट, अशी जाहिरात कशी करावी यावर पुस्तक लिहिलं. काय म्हणावं! त्यानंतर असल्या जाहिरातींना खंड पडला नाही.

१९९५ साली इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक नियमावली निघाली. ती आजही वाचण्यासारखी आहे. एखाद्या गटात बोलण्यापूर्वी महिना-दोन महिने नुसतं वाचा, असं तीत म्हटलंय. रागाचं उत्तर लिहिलं असेल तर रात्रभर थांबा आणि मग पाठवा, हेही आहे. नियम सोन्यासारखे, पण नव्या माणसाच्या हातात ते पोचणार कसे? दारापाशी उभं राहून ते सांगणारा माणूसच दमून निघून गेला होता. जुनी मंडळी हळूहळू लहान लहान बंद गटांत पांगली. काही गटांनी राखणदार नेमले. प्रत्येक निरोप आधी त्यांनी वाचायचा, मग तो गटात जायचा. असे गट जरा जास्त टिकले. बाकीच्यांत उरले भांडखोर आणि जाहिरातवाले. ज्या ड्यूक विद्यापीठात हे सगळं जन्मलं, त्यानंच २०१० साली आपला यूजनेटचा संगणक बंद केला. यूजनेट मेलं असं नाही, ते कुठे कुठे अजून चालतं. पण मोठ्या वाड्यात एकच खोली राहती असावी, तसं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे नव्यांनी बुडवलं! म्हणजे सहावीतल्या मुलाला हटकलं ते बरोबरच की! थांबा जरा. दुसरी हकिगत राहिली आहे, आणि ती बरोबर उलटी आहे.

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. प्रकल्पासाठी तुम्ही तिथून उतारे उतरवता, ते मला माहीत आहे! (उतरवू नका, वाचून स्वतःच्या शब्दांत लिहा.) हा ज्ञानकोश कुणीही लिहायचा आणि कुणीही दुरुस्त करायचा, अशी त्यामागची कल्पना. आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनालाच सुरू झाला. त्यात सदस्यांनी चर्चा करण्याच्या पानाचं नाव आहे 'चावडी'. आणि नव्या माणसानं लिहून-खोडून सराव करण्याच्या पानाचं नाव आहे 'धूळपाटी'. पूर्वी शाळेत पाटीवर धूळ पसरून त्यात बोटानं अक्षरं गिरवायचे, चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी! नाव ज्यानं कुणी सुचवलं त्याला माझा नमस्कार. नव्या माणसाला चुकायची जागा हवी, हे त्या एका शब्दात आलं.

इंग्रजी विकिपीडियानं सुरुवातीपासून यूजनेटचा धडा ध्यानात ठेवला होता, असं दिसतं. तिथे एक नियमच आहे: नव्यांना चावू नका. दुसरा असा, की समोरचा चांगल्याच हेतूनं आलाय असं धरून चाला. आणि पहिली काही वर्षं हे खरोखर पाळलं गेलं. माणसं भराभर वाढली. मार्च २००७ च्या सुमाराला महिन्यातून निदान पाच वेळा काहीतरी लिहिणारे किंवा दुरुस्त करणारे सुमारे ५१ हजार लोक होते. विचार करा, ५१ हजार, आणि सगळे बिनपगारी!

पण विकिपीडिया प्रसिद्ध झाला आणि खोडकरही आले. कुणी थोर माणसाच्या लेखात शिवी लिहून जाई, कुणी अख्खा लेख पुसून टाकी. पुन्हा पूरच तो. या वेळी मात्र राखण करणाऱ्यांकडे नवं हत्यार होतं. त्यांनी अशी साधनं तयार केली, की एक कळ दाबली की नवा बदल रद्द आणि लिहिणाऱ्याला छापील ताकीद रवाना. काही काम तर यंत्रच आपोआप करू लागलं. खोडकर पटापट पकडले जाऊ लागले. लेख स्वच्छ राहिले. सगळे खूष.

फक्त एक गोष्ट कुणाच्या लगेच ध्यानात आली नाही. २००७ नंतर लिहिणाऱ्यांची संख्या घसरायला लागली. २०१३ पर्यंत ५१ हजारांचे ३१ हजारांच्या आसपास झाले. वाचणारे कोट्यवधी, आणि लिहिणारे कमी कमी!

अमेरिकेतल्या काही संशोधकांनी याचा छडा लावायचं ठरवलं, आणि २०१३ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांना आधी शंका ही, की आताशा येणारे नवे लोकच वाईट असतील. म्हणून त्यांनी निरनिराळ्या वर्षी आलेल्या नव्या सदस्यांचं पहिलंवहिलं लिखाण तपासलं. तर काय आढळलं? चांगल्या हेतूनं येणाऱ्यांचं प्रमाण २००६ च्या सुमारापासून फारसं बदललेलंच नव्हतं. बदललं होतं ते त्यांचं स्वागत. चांगल्या नवख्यांचं लिखाणही पूर्वीपेक्षा जास्त प्रमाणात रद्द होत होतं, आणि त्यांच्याशी पहिला संवाद करत होतं एखादं साधन किंवा छापील निरोप. माणूस नव्हे. ते एकदा-दोनदा प्रयत्न करत आणि निघून जात. धान्यातले खडे काढायला आणलेली चाळणी खड्यांबरोबर दाणेही बाहेर टाकत होती, आणि सूप धरणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता!

दाणे ओरडत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. खोडकर पुन्हा पुन्हा येतो, नावं बदलून येतो, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. दुखावलेला चांगला माणूस गुपचूप जातो. तो गेला हे ग्रुपमध्ये कुणालाच दिसत नाही. 'तो मुलगा त्यानंतर एकदाही बोललेला नाही' हे आपल्या मैत्रिणीच्या लक्षात आलं, म्हणून तर मी तिचं पत्र जपून ठेवलंय. अडीचशेपैकी किती जणांच्या आलं असेल?

आणि नुसता तोच नाही. कुठल्याही ग्रुपमध्ये बोलणारे थोडे आणि मुकाट्यानं वाचणारे पुष्कळ असतात. तुमच्या वर्गाचा ग्रुप घ्या. चाळीसांपैकी रोज किती बोलतात? पाचसहा. बाकीचे बघत असतात, की विचारलं तर काय होतं. एकाला मिळालेलं उत्तर हे त्या सगळ्यांना मिळालेलं उत्तर असतं. सात अंगठे तर दिसले. पण 'बरं झालं आपण विचारलं नाही' असं मनात म्हणणारे किती, ते कुठल्या फोनवर दिसत नाही.

विकिपीडियानं २०१२ साली एक वेगळा प्रयोग केला. नव्या लोकांसाठी 'टीहाउस' नावाची जागा काढली. चहाचं दुकानच म्हणा ना! इथे प्रश्न कितीही बाळबोध असला तरी चालेल. उत्तर द्यायला यजमान नेमलेले, आणि त्यांनी आधी नमस्कार करायचा, मग उत्तर द्यायचं. पुढे तपासलं तेव्हा असं दिसलं, की इथे बोलावलेले नवे लोक इतरांपेक्षा थोडे जास्त टिकले. थोडेच हं, फार नाही. चहाच्या एका कपानं सगळं सुधारतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण थोडं तर थोडं.

आता पालकांसाठी चार ओळी, मुलांनी वगळल्या तरी चालतील. (म्हणजे हमखास वाचणार!) तुमच्यापैकी जे संगणकाच्या धंद्यात आहेत, त्यांना स्टॅक ओव्हरफ्लो ठाऊक असेलच. २००८ पासून जगभरचे प्रोग्रॅमर तिथे एकमेकांच्या अडचणी सोडवत आले. उत्तरं उत्तम. पण 'हा प्रश्न आधी विचारला गेला आहे' म्हणून नवख्याचा प्रश्न फटकन बंद करण्याबद्दलही जागा प्रसिद्ध. २०१८ मध्ये चालवणाऱ्या कंपनीनंच जाहीर कबूल केलं, की आमच्याकडे नव्या माणसाला आपलंसं वाटत नाही. मग २०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं. प्रश्नांची संख्या आधीच उतरणीला लागली होती, ती झपाट्यानं घसरली. साहजिकच आहे. यंत्र कधी हसत नाही, 'चौथ्यांदा' म्हणत नाही. मला यातली एक गोष्ट खटकते. सहावीतला मुलगाही उद्या यंत्राला विचारेल, त्याला उत्तर मिळेलही. पण 'रविवारी आमच्या टेकडीवर दुर्बीण लावणार आहोत, येतोस का?' असं त्याला यंत्र विचारणार नाही. ते विचारणारे लोक त्या ग्रुपमध्ये आहेत.

आणखी एक. मुलांना दार सताड उघडं ठेवायला सांगू नका. जो पैसे मागतो, घाण बोलतो, लहान मुलांना खासगीत निरोप पाठवतो, त्याला समजावत बसायचं नसतं. त्याला त्याच क्षणी बाहेर काढायचं आणि मोठ्यांना सांगायचं. ज्या ग्रुपमध्ये हे होत नाही, तिथे गोड बोलण्यालाही अर्थ नाही, कारण चांगली माणसं आधी जातात. अज्ञान आणि दुष्टपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघांना एकच छापील उत्तर दिलं, की घोटाळा होतो.

तर मैत्रिणी, आता तुझ्याशी बोलते.

तू अशी कशी झालीस, विचारतेस. अगं, तू तिथे जे शिकलीस तेच परत दिलंस. तुझ्या पहिल्या फोटोवर अकरा-बारा जण हसले आणि एकजण बोलला. ग्रुपमध्ये जुनं होणं म्हणजे हसणाऱ्यांत जाऊन बसणं, असा तुझा समज झाला असेल तर नवल नाही. शिवाय ते सात अंगठे! त्या अंगठ्यांचा मोह मोठ्यामोठ्यांना आवरत नाही, तू तर नववीत. जुने झाले की सगळेच असे होतात का? नाही. ते साडेनऊचे काका तुझ्यापेक्षा किती जुने असतील! तोच प्रश्न त्यांनी कितीदा ऐकला असेल! तरी त्यांनी तुला घड्याळ लावून निरीक्षण करायला सांगितलं.

आणि आता एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. नीट वाचणाऱ्या दोस्तांच्या ती मघाशीच लक्षात आली असेल. त्या मुलाला दिसलेला ठिपका शुक्र नव्हता.

आठव, काकांनी काय सांगितलं होतं. शुक्र सूर्याला सोडून फार लांब जात नाही. आपल्या आकाशात तो सूर्यापासून जास्तीत जास्त ४७ अंशांपर्यंत दूर दिसतो. म्हणून मावळतीनंतर फार तर तीनेक तासांत तो मावळतो. रात्री अकरा वाजता, तोही बरोबर डोक्यावर, शुक्र दिसणं शक्यच नाही! मोठा आहे, लुकलुकत नाही, मध्यरात्रीच्या सुमाराला डोक्यावर आहे, म्हणजे तो बहुधा गुरू. तुझा प्रश्न संध्याकाळी सातचा होता, त्याचा रात्री अकराचा. शब्द तेच, 'हा कोणता तारा', पण प्रश्न तो नव्हता. तू फोटो पाहिलास, वेळ वाचली नाहीस. त्या सात अंगठेवाल्यांनीही वाचली नाही, म्हणून तू फार वाईट वाटून घेऊ नकोस.

हे त्याला ग्रुपवर, सगळ्यांसमोर सांग. खासगीत नको, कारण चुकीचं उत्तर सगळ्यांनी वाचलंय. लांबलचक माफीनामा लिहू नकोस, त्याला अवघडल्यासारखं होईल. 'माझं चुकलं, तो शुक्र नसणार' एवढं पुरे. मग त्याच्या गच्चीवरून तो ठिपका तासाभरानं कुठल्या बाजूला सरकतो ते त्याला बघायला सांग, आणि कुणाकडे साधी दुर्बीण असेल तर त्यातून बघायला सांग. शेजारी एका रेषेत बारीक ठिपके दिसले, तर ते गुरूचे चंद्र. गॅलिलिओनं १६१० साली पाहिले ते हेच चार. सहावीतल्या मुलाला हे दिसलं, तर तो त्या रात्री झोपणार नाही, आणि त्याचं न झोपणं तुझ्यापेक्षा बरं असेल!

त्यानं उत्तर दिलं का, ते मला कळव. नाव लिहायचं नसेल तर याही वेळी लिहू नकोस. अक्षरावरून ओळखीन.